भुताच्या सिरीयलचा चेकर

कापडाच्या फोल्डिंग खात्यात टेबलाखाली धाग्याचे तुकडे साचतात. संध्याकाळी झाडून घ्या, सकाळी पुन्हा मूठभर. कुणी टाकत नाही, कुणी आणत नाही. चार माणसं रोज एका जागी बसली की किस्सेही असेच साचतात. आमच्या बैठकीतले आता पोतंभर झालेत. त्यातले थोडे सांगतो. वाढवून सांगायची मला सवय नाही.

आधी जागा सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात नरसय्याची शेड आहे. एकेकाळी तिथं चार माग खडखडायचे. आता दोन विकले, दोन नुसते उभे आहेत. बंद मागावर एक फळी, फळीवर टीव्ही, समोर कूलर. दुपारी दोनला भुताच्या सिरीयलचा रिपीट लागायचा. आम्ही चौघं बघायचो. चारला चहा. चहावर त्या एपिसोडची तपासणी.

नरसय्या शेडचा मालक, जन्मभर चादरी विणल्या. बशीरभाई त्या चादरींचे गठ्ठे टेम्पोतून पोचवायचा. इराप्पा वळसंगचा, माग दुरुस्त करणारा जॉबर. बिघडलेल्या मागावर त्यानं हात ठेवला की मागाचा आवाज बदलायचा. आणि मी रंगराव, मूळचा केम गावचा. चौथी शिकलो. चाळीस वर्षं फोल्डिंगला चेकर होतो. माझ्या टेबलावरून खराब नग पुढं गेला नाही.

* * *

सिरीयलचं नाव लांबलचक होतं. आम्ही नुसतं 'पांढरी' म्हणायचो. एक मोठा बंगला. त्यात एक बाई मेलेली, पण गेलेली नाही. पांढऱ्या साडीत घरभर फिरते. नवऱ्याचं ताट झाकून ठेवते, उघडी खिडकी लावून घेते. नवऱ्याला ती दिसत नाही. एवढीच गोष्ट. त्यावर त्यांनी चार सीझन काढले!

पहिल्याच दिवशी मी खिशातून खडू काढला आणि मागाच्या लोखंडावर एक रेघ मारली. रिटायर झालो तरी सदऱ्याच्या खिशात खडू असतो.

"ये क्या किया?" बशीरभाईनं विचारलं.

"फॉल्ट. भुताची सावली भिंतीवर पडली."

"अरे रंगराव, भूत है वो, चादर नहीं!"

"तपासायची रीत एकच. उजेडासमोर धरायचं."

तेव्हापासून चहा आला की पहिला प्रश्न ठरलेला. "रंगराव, आज किती?" मी सांगायचो. तीन. टिकली आधी बारीक, मग मोठी. फणीत सात केळी, मग नऊ. मांत्रिकाचा गंडा उजव्या हातात, मग डाव्या. लोखंडावर तीन रेघा.

एक दिवस मी म्हणालो, "एकही नाही."

 मग नरसय्यानं उठून माझ्या कपाळाला हात लावला. बशीरभाईनं आत नरसय्याच्या बायकोला हाक मारली, "भाभी, जल्दी लिंबू सरबत! रंगराव की तबियत बिगड गई!"

* * *

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. पत्रा तापून तडतड वाजतो. शेडच्या वरच्या काचांतून उजेड खाली उतरतो, त्यात जुनी रुई अजून तरंगते. माग बंद होऊन वर्षं झाली, ही रुई कुठून येते कळत नाही. कूलरला वाळ्याचा वास. अशात डोळा मिटतो. पांढरी चालायला लागते आणि आपण तिच्या मागोमाग कुठं पोचलो ते समजत नाही.

मी झोपत नाही. चेकर झोपला तर खातं बुडालं. पण एका दुपारी मी पोस्टात अडकलो होतो. चारला आलो.

"काय झालं आज?" मी विचारलं.

नरसय्या म्हणाला, "पांढरी विहिरीत उतरली. विहिरीत निळा रंग. सूत बुडवून वर काढत होती."

बशीरभाई म्हणाला, "कौनसी विहीर? वो टेम्पो चला रही थी. हैदराबाद रोड पे. पीछे सब खाली!"

इराप्पा म्हणाला, "न्हाय न्हाय. ती बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत हुती. लई येळ. मला पन दोन दिल्या."

एकच माग, तीन डिझाईनं! मी खडू काढला आणि परत ठेवला. रेघ कुणावर मारणार?

दाराशी नरसय्याची बायको बसली होती. आम्ही तिला वहिनी म्हणतो. मांडीवर सूप, सुपात बिडीची पानं, नजर टीव्हीवर. तीस वर्षं बिड्या वळते, हाताकडं बघावं लागत नाही. ती म्हणाली, "अय्यो, आज एपिसोड झालाच नाही. दोन वाजता लाईट गेली, ती आत्ता आली."

* * *

आता इराप्पाचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इराप्पाच्या डाव्या पायावर एकदा सूत गुंडाळलेला जड बीम पडला. तेव्हापासून तो पाय ओढत चालतो. वहाण काढताना डावा पाय झटकतो, म्हणून डावी वहाण कायम पालथी पडते. त्याची बायको गंगव्वा मागून यायची आणि ती सुलटी करायची. दिवसातून चारदा. म्हणायची, "पालथी वहाण, घरात भांडाण." भांडायची ती तरीही.

सगळ्यात मोठं भांडण पांढरीवरून. पांढरी शेवटी जाणार की राहणार?

गंगव्वा म्हणायची, "जात न्हाय ती. नवरा उपाशी झोपंल, म्हनून ऱ्हाती."

इराप्पा म्हणायचा, "मेलेलं मानूस जातंय. त्येला जावंच लागतंय."

"बघू की शेवटाला."

शेवटचा सीझन सुरू व्हायच्या आधी गंगव्वा गेली. दवाखान्यात तिनं नवऱ्याला सांगितलं, "शेवट मला येऊन सांगा. हरला तर तोंड लपवू नका."

लिंगायतांत पुरतात, आणि बसवून पुरतात. वळसंगच्या शेतात, बांधावरच्या कडुलिंबाखाली गंगव्वा बसली आहे. वर छोटा ओटा बांधलाय. इराप्पा दर सोमवारी सकाळी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं जायचा आणि आठवड्याचे एपिसोड तिला सांगून यायचा.

बशीरभाईनं एकदा विचारलं, "वो सुनती है?"

इराप्पा म्हणाला, "बसलीच हाय की! निजलेल्याला गोष्ट सांगून काय उपेग? बसलेलं मानूस ऐकतंय."

 

अडचण एकच होती. इराप्पा प्रत्येक एपिसोडला मधेच झोपायचा. म्हणून चारची तपासणी त्याच्यासाठी होती. आम्ही सांगायचो, तो वळसंगला न्यायचा. विहीर, टेम्पो आणि शेंगा, हे तिन्ही त्यानं नेलं.

मंगळवारी मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हनली, तुमी समदे झोपला हुता."

* * *

एकदा टीव्हीचा आवाज गेला. चित्र आहे, आवाज नाही. कारागीर म्हणाला, चार दिवस लागतील.

गप्प बसवेना. नरसय्यानं पांढरीचं बोलणं घेतलं, बशीरभाईनं मांत्रिकाचं, इराप्पानं नवऱ्याचं. पांढरी तेलुगूत रडली. मांत्रिक तिला म्हणाला, "कायकू रोती? जाना नक्को तो मत जा!" नवरा कानडीत जेवण मागत होता. चार दिवस असं चाललं. डोळे मिटले तरी एपिसोड सुरू राहायचा, कारण तो आमच्यातच होता.

पाचव्या दिवशी आवाज आला. खरे डायलॉग ऐकून चौघंही हिरमुसलो.

वहिनी सुपावरून म्हणाली, "तुमचेच बरे होते."

ती कधी कुणाचं कौतुक करत नाही.

* * *

शेवटचा सीझन संपत आला. जाहिरातीत रोज दाखवायला लागले, पांढरीला मुक्ती मिळणार. म्हणजे ती जाणार.

इराप्पा वाळत चालला. भांडणात त्याचा पक्ष जिंकत होता, आणि त्याला हरायचं होतं. एकदा मला म्हणाला, "रंगराव, मीच म्हनलो हुतो, जावंच लागतंय. का म्हनलो असंन?"

त्यात त्याचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. उजवा आधीच अधू. डाव्याचं ऑपरेशन झालं, टाके नाहीत, पण हिरवं फडकं आलं. डॉक्टरांनी सांगितलं, टीव्ही नाही, धूळ नाही, रडायचं नाही.

शेवटच्या एपिसोडच्या दिवशी तो तरीही आला. टीव्हीकडं पाठ करून कूलरसमोर बसला. म्हणाला, "बघत न्हाय. ऐकतो."

तो यायच्या आधी नरसय्या आणि बशीरभाईनं मला बाजूला घेतलं होतं.

"तो विचारेल," नरसय्या म्हणाला. "सांगायचं, राहिली."

"तुम्ही सांगा."

"हमारी बात कौन मानता? हम तो सोते!" बशीरभाई म्हणाला. "तेरी बात पक्की. तू बोल."

"खराब नग मी पास करत नाही."

"एक बार, रंगराव. एक नग."

"नाही."

बशीरभाई माझ्याकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "पत्थर है तू."  ते खोटं नव्हतं.

* * *

तो एपिसोड मी कधी नव्हे इतका नीट बघितला.

शेवटची दहा मिनिटं कुणी बोललंच नाही. नुसती बासरी. इराप्पा कान देऊन बसला होता, पण कानाला काही मिळेना.

पडद्यावर दुपार. आमच्यासारखीच. नवरा ओसरीत खुर्चीवर झोपलेला. पांढरीनं घरभर हात फिरवला, भिंतींवरून, कपाटावरून, पाण्याच्या तांब्यावरून. मग ती उंबऱ्यापाशी आली. तिथं नवऱ्याच्या वहाणा होत्या. ती त्यांच्याजवळून गेली. अंगण ओलांडलं. फाटक आपोआप उघडलं. बाहेर नुसता उजेड. त्यात ती पातळ होत गेली, जुन्या साडीचं सूत विरत जातं तशी. मग काहीच राहिलं नाही. पुन्हा ओसरी. पुन्हा उंबरा. नवरा झोपेतच. बासरी थांबली.

संपलं. चार सीझन संपले.

शेडमध्ये फक्त कूलर चालू होता. वरच्या उजेडात रुई तरंगत होती. वहिनीचे हात थांबले होते. ते थांबलेले मी पहिल्यांदा बघितले.

"रंगराव," इराप्पा म्हणाला. "गेली का ऱ्हायली?"

बशीरभाईनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. नरसय्या पत्र्याकडं बघायला लागला.

"गेली," मी म्हणालो. "फाटकातून गेली. उजेडात गेली. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

इराप्पाची मान खाली गेली. "बरं," तो म्हणाला. एवढंच.

मी खिशातून खडू काढला.

"एक फॉल्ट आहे."

"या अल्ला!" बशीरभाई उठलाच. "आज तो नक्को! आज तो छोड दे!"

"फॉल्ट तो फॉल्ट. ती निघाली तेव्हा उंबऱ्यापाशी नवऱ्याच्या वहाणांतली एक पालथी होती. ती गेल्यावर परत तोच उंबरा दाखवला. तेव्हा दोन्ही सुलट्या. नवरा झोपलेला. घरात दुसरं कुणी नाही. सुलटी कुणी केली ते दाखवलेलं नाही."

इराप्पानं मान वर केली. "कुटली पालथी हुती?"

"डावी."

नरसय्या म्हणाला, "शूटिंगवाल्यांचा पाय लागला असेल..."

"तुम्ही गप बसा हो!" वहिनी म्हणाली.

इराप्पा आधी नुसता हलला. मला वाटलं रडतोय. मग आवाज आला. तो हसत होता. हिरव्या फडक्याखालून पाणी गालावर आलं, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तेच.

"मग गेली कुटं, रंगराव? आँ? गेली कुटं ती? हरलो की मी! पार हरलो!"

मी लोखंडावर रेघ मारली. त्या सिरीयलची ती शेवटची रेघ. अजून आहे, कुणी पुसली नाही.

* * *

फडकं निघालं, काळा चष्मा आला. त्या सोमवारी इराप्पा सकाळी माझ्या दारात उभा.

"चला वळसंगला. शेवट तुमी सांगायचा."

"मी कशाला? तू सांग."

"माझ्यावर इस्वास न्हाय तिचा. म्हनंल, मुद्दाम हरला."

गेलो. जीप फाट्यावर थांबली. तिथून शेतातून चालत. ज्वारी निघालेली, रान नांगरलेलं, काळी माती भुसभुशीत. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत जायचं. वारा पडला होता. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, पण त्याचा आवाज झोपेत ऐकल्यासारखा येत होता. माणूस कुठं नाही.

लिंबाखाली पोचलो. ओट्याच्या अलीकडं वहाणा काढल्या. इराप्पानं डावा पाय झटकला. वहाण पालथी पडली. मी बघितली. हात लावला नाही. चेकरनं खूण करायची असते, दुरुस्ती करायची नसते. ते काम दुसऱ्याचं. चाळीस वर्षांचा नियम आहे.

इराप्पाचा हात धरून त्याला ओट्यापाशी नेलं. तो खाली बसला. मी उभा राहिलो. मृताशी काय बोलायचं मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "गंगव्वाबाई, मी रंगराव. चेकर."

मग सांगितलं. जन्मात पहिल्यांदा फॉल्ट बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. खुर्ची, भिंती, तांब्या, अंगण, फाटक, उजेड. घाई केली नाही. लिंबाची सावली ओट्यावर हलत होती. मधे मला वाटलं, आपण शेडमध्येच आहोत आणि चारचा चहा यायचाय. शेवटी वहाणेचं सांगितलं. डावी, तेही सांगितलं.

"हरला तो," मी म्हणालो. "मुद्दाम नाही. मी तपासलंय."

इराप्पा ओट्यावर तळहात टेकून बसला होता, माग बिघडला की बसायचा तसा. मग उठला, म्हणाला, "चला."

आम्ही वळलो. गंगव्वा गेल्यापासून इराप्पाची एक सवय झाली आहे. वहाण घालताना आधी डाव्या पायाच्या अंगठ्यानं चाचपतो, पालथी वहाण पलटतो, मग घालतो. आत्ताही त्यानं अंगठा पुढं केला. पाय सरळ आत गेला.

तो तसाच उभा राहिला.

"रंगराव, तुमी सुलटी केली व्हय?"

"तू मला ओळखतोस," मी म्हणालो.

मी खाली बघितलं. चारी बाजूला मऊ काळी माती. येताना उमटलेली आमच्या दोघांची पावलं, एवढीच.

खिशात हात गेला. खडू बोटांना लागला. हात रिकामाच बाहेर काढला.